टॉवेल नको, खुर्ची द्या

१२ फेब्रुवारी

आत्या,

मायना एवढाच ठेवला आहे. 'तीर्थरूप' लिहिले असते तर तू म्हणाली असतीस, "मी अजून रोज धावते, मला मूर्ती करून बसवू नकोस." 'प्रिय' लिहिले असते तर म्हणाली असतीस, "एवढी प्रिय होते, तर त्यांची नोकरी कशी धरलीस?" शाळेत पत्रलेखनाला पैकीच्या पैकी गुण घेणाऱ्या मुलीने मायन्यावरच अडून बसावे हे काही बरे नव्हे; म्हणून पुढे जाते.

फोन तू उचलत नाहीस. बाबा म्हणतात, "माझ्या बहिणीचा राग म्हणजे सायकलचं पंक्चर. आपोआप भरत नाही, कुणीतरी खाली बसून काढावं लागतं." स्वतः खाली बसायला मात्र ते तयार नाहीत; गुडघ्यांचे कारण पुढे करतात. तेव्हा भावाच्या वतीने भाची बसली आहे.

बातमी अशी की आज आमच्या फुटबॉल क्लबाचे क्रीडासंचालक गेले. गेले म्हणजे नोकरीवरून गेले. प्रकृती ठणठणीत आहे, जाताना भिंतीवरचे घड्याळसुद्धा स्वतःच्या हाताने उतरवून घेऊन गेले. कोणता खेळाडू विकत घ्यायचा, प्रशिक्षक कोण नेमायचा, कुमार संघातून कोणाला वर आणायचे, हे सारे ठरवणारी ती खुर्ची आता रिकामी आहे. हीच ती खुर्ची, जी तुला नाकारली गेली तेव्हा तू कुमार संघाची शिट्टी टेबलावर ठेवलीस आणि या आवाराच्या फाटकातून मागे न पाहता निघून गेलीस. आणि त्याच फाटकातून पुढे काही वर्षांनी मी नोकरीसाठी आत आले. तुला काय वाटले असेल, हे मला कळत नाही असे समजू नकोस.

माझा विभाग 'अभ्यास विभाग' म्हणवतो. विभाग म्हणजे मी, एक संगणक आणि पाठीमागे धुलाईघराचा दरवाजा. सामन्यांची चित्रणे पाहून मी टिपणे लिहिते. ती कोणी वाचत नाही, पण भाषा शुद्ध असते, असे सगळेच मान्य करतात.

नव्या माणसासाठी जाहिरात द्यावी का, असे कोणीतरी विचारले. अध्यक्ष म्हणाले, "जाहिरात कशाला? आपली माणसं आहेत ना!" आपली माणसे म्हणजे जिन्याजवळच्या त्या जुन्या फोटोतली, अध्यक्षांबरोबर कधीकाळी अजिंक्यपद जिंकलेली. आजवरचे पाचही क्रीडासंचालक त्याच फोटोतून आले. मी आज जाता जाता नीट पाहिले. आता त्यात एकच गृहस्थ उरले आहेत, ते म्हणजे संघाची बस चालवणारे काका. ते म्हणतात, "मी खेळाडू नव्हे गं. उजेड चांगला होता म्हणून उभा राहिलो."

उत्तर दिलेस तर आनंद होईल. न दिलेस तर पुन्हा लिहीन.

तुझी वाळवी
(पुस्तके फस्त करते म्हणून तू ठेवलेले नाव अजून तसेच आहे. सवयसुद्धा.)


२७ फेब्रुवारी

आत्या,

तुझे पत्र आले! एकच ओळ का असेना. "पंक्चर म्हणणाऱ्याला सांग, चाक माझं नाही, डोकं त्याचं फिरलंय." मी ती जशीच्या तशी बाबांना वाचून दाखवली. ते एवढे खूश झाले की दोनदा वाचायला लावली. "शिव्या देते आहे ना? मग ठीक आहे," म्हणाले.

आता एक विचारते. राग आला तर पुढच्या ओळीवर ये. तुझी मुलाखत झाली, त्यानंतर तुला कोणी 'वाफेला' बोलावले होते का?

माझ्यावर काम आले होते की मागच्या पाच जणांची निवड कशाकशाच्या आधारे झाली ते लिहून काढावे. कागद शोधले, तर कागदच नाहीत. शेवटी धीर करून माजी कर्णधारांना गाठले. ते निवड समितीत आहेत आणि माणूस प्रेमळ आहे. फक्त बोलताना ते समोरच्याच्या खांद्यावर थाप मारतात आणि मी प्रत्येक वेळी थोडी खाली जाते.

"मुलाखत म्हणजे कागदी काम गं," ते म्हणाले. "खरा माणूस कळतो वाफेत. खेळाडूंच्या न्हाणीघरामागे वाफेची खोली आहे ना, तिथे. सूट नाही, टाय नाही, फाईल नाही. अध्यक्ष, खजिनदार, मी आणि तो. टॉवेल गुंडाळून तासभर गप्पा. माणूस जसा आहे तसा दिसतो."

"पाचही जणांची निवड अशीच झाली?"

"पाचही. रिवाजच आहे आपला."

मी जमिनीकडे पाहत विचारले, "आणि माझ्या आत्याची?"

ते जरा घोटाळले. "तुझी आत्या हुशार. वादच नाही. आज देशाकडून खेळणारे दोघे तिनेच घडवले. पण तिच्याशी काही मोकळं बोलणं झालं नाही बघ."

"कुठे?"

"अगं, वाफेत."

"ती वाफेत कशी येणार?"

थाप मारायला उचललेला त्यांचा हात तसाच राहिला. "हे," ते म्हणाले, "हे खरंच कुणी विचारलं नव्हतं."

आत्या, मला वाटत होते की त्यांनी तुला ठरवून डावलले. तसे असते तर निदान रागावण्याजोगे काही तरी झाले असते. त्यांनी तर फक्त खोली बदलली नाही.

आणखी एक गंमत. आमच्या खेळाडूंच्या छातीवर ज्यांचे नाव असते, त्या साबणवाल्या कंपनीने करार वाढवण्यापूर्वी विचारले आहे, की तुमच्या प्रेक्षकांत निम्म्या बायका-मुली, तर निर्णय घेणाऱ्यांत कोण आहे? अध्यक्षांनी उत्तर धाडले, "आमच्या स्वागतकक्षात एक बाई आहेत." साबणवाल्यांनी त्यावर काहीच लिहिले नाही. त्या शांततेने खजिनदारांची झोप उडाली, आणि कार्यालयातल्या एका मुलीला टिपण तयार करायला सांगितले गेले: नेतृत्वाच्या जागांसाठी निरनिराळ्या प्रकारची माणसे पाहिली, तर क्लबाचा व्यवहारात फायदा काय?

ती मुलगी घाबरली आहे. बाकी सर्व क्षेम.

तुझी वाळवी


११ मार्च

आत्या,

त्या मुलीने आज टिपण वाचले. संचालक मंडळापुढे, उभे राहून. ती फार लाजाळू आहे, त्यामुळे पहिली दोन वाक्ये तिने टेबलावर ठेवलेल्या पाण्याच्या जगाला उद्देशून म्हटली. जगाने शांतपणे ऐकून घेतले, तेव्हा तिला धीर आला.

प्रथम तिने पाचही क्रीडासंचालकांनी विकत घेतलेले आघाडीचे खेळाडू पडद्यावर शेजारी शेजारी उभे केले. सगळे ताडमाड. सगळे डोक्याने गोल करणारे, तरुणपणी अध्यक्ष करीत तसे. फक्त गोल होत नव्हते. कारण कडेने धावून त्या डोक्यांपर्यंत चेंडू पोचवणारा खेळाडू पाचांपैकी एकानेही घेतला नव्हता.

"माणसं पाच झाली," ती म्हणाली, "चूक एकच राहिली. एकाच मुशीतली माणसं एकच चूक आळीपाळीने करतात, आणि क्लबाला दर वेळी तिची किंमत नव्याने मोजावी लागते."

खजिनदारांनी मान वर केली. जाणाऱ्याची भरपाई आणि येणाऱ्याचा पगार एकाच वर्षात द्यायचा, ही त्यांची जुनी दुखरी जागा आहे. मग तिने बंद पडलेल्या कुटुंब-कक्षाचे सांगितले. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या बायकांनी तीन हंगाम तक्रार केली की तिथे ना स्वच्छतागृह, ना सावली. आणि वर बसलेल्यांपैकी कोणाला ती तक्रार महत्त्वाची वाटली नाही, कारण त्यांच्यापैकी कोणीही कधी मूल कडेवर घेऊन सामना पाहिला नव्हता. रिकाम्या खुर्च्यांनी आपले म्हणणे तिकीटविक्रीत मांडले.

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे बाई आणली की कप येतो, असं म्हणायचंय का तुला?"

"नाही साहेब. आकडे तसं म्हणत नाहीत, मग मीही म्हणणार नाही."

"मग आकडे म्हणतात तरी काय?"

आता या ठिकाणी त्या मुलीच्या तोंडून जे निघाले, ते टिपणात लिहिलेले नव्हते. "आकडे एवढंच म्हणतात, की आपण डबक्यात गळ टाकून बसलोय आणि मासे महाग झाले म्हणून समुद्राला नावं ठेवतोय. साहेब, एक खेळाडू घ्यायचा तर आपण तीन खंड पालथे घालतो. त्याला निवडणारा माणूस मात्र एका फोटोतून घेतो."

त्यावर खजिनदार म्हणाले, "आणि फोटोही संपत आलाय."

"बसवाले काका आहेत अजून," माजी कर्णधार म्हणाले.

"त्यांना राहू दे," अध्यक्ष म्हणाले. "गाडी बरी चालवतात ते." आणि सगळे हसले, अध्यक्ष स्वतःसुद्धा, जरा उशिराने.

जाहिरात निघणार आहे. ती मुलगी आपल्या जागेवर येऊन बसली आणि धुलाईघरातल्या मावशींनी न विचारताच तिच्या मांडीवर गरम टॉवेलांची चळत आणून ठेवली.

तुझी वाळवी


२४ मार्च

आत्या,

तुझ्या पत्रात या वेळी तीन ओळी आल्या, म्हणजे प्रगती आहे. तू विचारलेस त्या क्रमाने उत्तरे लिहिते.

"पहिलं. ती लाजाळू मुलगी कोण, हे न कळायला मी काल जन्मले नाही, वाळवे." हो, मीच. लिहिताना स्वतःला 'ती' म्हटले की लाजणे तिच्यावर ढकलता येते. बाबांना मात्र पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते शेजाऱ्यांना सांगत सुटले आहेत, की माझ्या मुलीने अध्यक्षांना डबके म्हटले.

"दुसरं. माझ्या लायकीला नफ्याचा दाखला लागतो का?" नाही. लागत नाही, लागू नये. हा प्रश्न टिपण लिहिताना मलाही टोचत होता, आणि तो तूच विचारशील हेही ठाऊक होते. पण मी या लोकांना जवळून पाहिले आहे. न्यायाचे नाव काढले, की आपण मुळात किती चांगले आहोत हे ते एकमेकांना सांगू लागतात, आणि त्यात बैठक संपते. नुकसानीचे नाव काढले, की कान टवकारतात. मी न्याय विकायला काढला नाही गं. ज्या कानाने त्यांना ऐकू येते, त्या कानाशी जाऊन बोलले.

"तिसरं. नफ्यासाठी आणलेली बाई तोट्यात पहिली बाहेर जाते."

याचे उत्तर माझ्याकडे नाही. जन्मात प्रथमच एका प्रश्नाची जागा कोरी सोडते आहे.

आता माझी बाजू. निवडीची नवी पद्धत ठरली आहे. पहिल्या फेरीत नाव नाही, वय नाही, फोटो नाही, आधी कुठे होता तेही नाही. सर्वांना एकच काम: मागच्या हंगामाची चित्रणे पाहा आणि पुढच्या तीन वर्षांत काय कराल ते लिहा. त्या लेखावर फक्त क्रमांक असेल. नावे कर्मचारी विभागाच्या बाईंच्या कपाटात राहतील आणि मुलाखतीच्या दिवशीच उघडतील. मी बाईंना आधीच सांगून टाकले, की या जागेसाठी माझी आत्या कदाचित अर्ज करील, तेव्हा मला निवडीतून पूर्ण बाहेर ठेवा. त्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहतच राहिल्या. "अगं, या क्लबात नात्यामुळे आत आलेले पुष्कळ पाहिले. नात्यामुळे बाहेर राहणारी तू पहिलीच!"

तेव्हा आत्या, अर्ज कर. या वेळी तुझे लिहिणे आधी वाचतील आणि तुला नंतर पाहतील. ते पुन्हा चुकले, तर मी ही नोकरी सोडून तिकडच्या तुझ्या संघाच्या मैदानाच्या फाटकावर तिकिटे फाडायला येईन. हे धमकी म्हणून लिहीत नाही. मला तिकिटे फाडायला आवडेल.

तुझी वाळवी


१६ एप्रिल

आत्या,

तुझे पत्र नाही, आणि तू अर्ज केलास की नाही हे मी विचारणार नाही. विचारले तर नियम मोडेल, आणि नियम माझाच आहे. स्वतःच्या नियमात स्वतः अडकणे म्हणजे काय, ते आता कळते आहे.

फक्त इकडची हवा सांगते. काल अध्यक्ष हातात काही पाने घेऊन माझ्या टेबलासमोरून गेले. त्यांना चालता चालता मोठ्याने वाचायची सवय आहे. "ऐका, ऐका! हा क्रमांक सात काय लिहितो: 'तुमच्या उंच खेळाडूंचा काही दोष नाही. डोकी योग्य जागी आहेत, चेंडू नाही.' काय गडी आहे! पुढे ऐका: 'कुमार संघात डावखुरी मुलं बाकावर बसून म्हातारी होतायत, आणि तुम्ही डावखुऱ्यांसाठी परदेशी हिंडताय.' अरे, हा आपला माणूस दिसतोय!"

"कुठल्या फोटोतला?" खजिनदारांनी विचारले.

"कुठलाही असो. असा रोखठोक बोलणारा गडी पाहिजे!"

मी उठले, शांतपणे धुलाईघरात गेले, ओल्या मोज्यांच्या टोपल्यांमध्ये उभी राहिले आणि पोट दुखेपर्यंत हसले. मावशींनी विचारले, "काय झालं गं?" मी म्हटले, "काही नाही. वाक्यरचना आवडली."

तुझी वाळवी


४ मे

आत्या,

काल मुलाखतीनंतर तू थेट परतीच्या गाडीला गेलीस. दारातून माझ्याकडे पाहून भुवई उडवलीस तेवढेच. बोलायला आले नाही, कारण निकाल लागेपर्यंत बोलायचे नाही असे मी ठरवले होते. (नियम, पुन्हा माझाच.) आता समितीने कौल लखोट्यात बंद करून बाईंकडे दिला आहे, म्हणून लिहिते. तू वाफेच्या खोलीत शिरलीस तेव्हा बाहेर काय चालले होते ते तुला ठाऊक नाही, आणि आत काय झाले ते मला फक्त माजी कर्णधारांच्या तोंडून कळले. दोन्ही जोडून पाहू.

मुळात घोळ कसा झाला ते ऐक. निवडलेल्या दोघांना पत्रे पाठवायची होती. मजकूर अध्यक्षांच्या कचेरीतून आला, पत्ते बाईंनी घातले. कचेरीने वर्षानुवर्षे चालत आलेला जुनाच मजकूर छापला: 'अंतिम भेट वाफेच्या खोलीत होईल, टॉवेल क्लबाकडून मिळेल.' बाईंनी लखोटे बंदच मिळाल्यामुळे उघडले नाहीत. नाव झाकण्याची एवढी काळजी आम्ही घेतली, आणि खोली झाकायची राहून गेली!

मग बाईंमार्फत क्रमांक सातचे उत्तर आले: "टॉवेल नको, खुर्ची द्या." अध्यक्ष ते वाचून मांडीवर थाप मारून हसले. "वा! विनोदबुद्धीही आहे गड्याला!" आणि ठरल्या वेळी समितीचे तिघेही टॉवेल गुंडाळून वाफेत जाऊन बसले.

बाई नावांचा लखोटा घेऊन त्यांना शोधत कार्यालये पालथी घालत होत्या, आणि इकडून तू आलीस. पिवळा रेनकोट, गुडघ्यापर्यंत गमबूट. बाहेर लख्ख ऊन. आत्या, माझ्या हातातली कात्री खाली पडली.

तू दार वाजवलेस. आतून अध्यक्षांचा आवाज: "या, या! दार लावून घ्या, वाफ जाते!"

तू आत गेलीस आणि दार लावून घेतलेस.

माजी कर्णधार सांगतात, "आधी काही दिसेचना. पिवळं काहीतरी आलं. मला वाटलं, नळदुरुस्तीवाला. मग ते पिवळं बोललं: 'नमस्कार. क्रमांक सात. सुरुवात करायची का?' आवाज ओळखला आणि आमचं पाणी पाणी झालं. म्हणजे ते आधीच झालं होतं. अध्यक्ष ओरडले, 'टॉवेल! टॉवेल!' तर तुझी आत्या म्हणते कशी, 'मी कळवलं होतं ना, टॉवेल नको.'"

पुढे मी साक्षीदार आहे. तू बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिलीस, एखाद्या बसची वाट पाहावी तशी. मागून तिघे घामाघूम निघाले आणि सरळ धुलाईघरात शिरले. त्यांचे कपडे खेळाडूंच्या खोलीत, आणि किल्ली घेऊन शिपाई जेवायला गेलेला. मावशींकडे इस्त्री केलेले होते ते फक्त कुमार संघाचे कपडे. अध्यक्षांना सदरा बेंबीपर्यंत आला. खजिनदारांना जो बसला, तो गोलरक्षकाचा होता, हिरवागार. त्याच वेषात त्यांनी मला विचारले, "खुर्च्या कुठे असतात गं?" इतकी वर्षे निवड समितीत असून त्यांना खुर्च्यांची जागा माहीत नव्हती.

बैठकीची खोली मी उघडून दिली, खुर्च्या लावल्या आणि बाहेर आले. दार बंद झाले. पुढचे पुन्हा माजी कर्णधारांचे.

कोरड्या खोलीत त्यांना काय विचारावे ते सुचेना. वाफेत जुन्या सामन्यांच्या आठवणी निघत आणि तेवढ्यावर माणूस पसंत पडे. शेवटी तूच प्रश्न विचारायला लागलीस, आणि अध्यक्ष त्या आखूड सदऱ्यात मुकाट्याने उत्तरे देत होते. मधेच ते म्हणाले, "त्या वेळी काय झालं बाई, की आपलं मोकळं बोलणं राहून गेलं."

"मोकळं बोलायला तोंड लागतं, अध्यक्षसाहेब," तू म्हणालीस. "ते माझ्याकडे तेव्हाही होतं."

माजी कर्णधार म्हणाले, "हे ऐकून मी स्वतःच्याच खांद्यावर थाप मारून घेतली."

तुझ्यानंतर क्रमांक दोन आले. ते चाकांच्या खुर्चीतून आले. खुर्च्यांची मांडामांड पाहून म्हणाले, "मला नको, मी घरून आणलीय." मग त्यांनी सांगितले, की वाफेच्या खोलीला दोन पायऱ्या आहेत, पत्र मिळाल्यावर ते येणारच नव्हते, शेवटी बाईंना फोन केला तेव्हा कळले की जागा आता बदलली आहे. अध्यक्षांनी आपला आखूड सदरा खाली ओढला. मग म्हणाले, "आपण त्या खोलीत बसून किती जणांना बाहेर ठेवलं असेल रे?" हिरवे खजिनदार म्हणाले, "त्याचा हिशेब मला येणार नाही."

माझ्या साऱ्या टिपणाचे सार त्यांनी त्या एका प्रश्नात विचारले, आत्या. तेही पाण्याच्या जगाकडे पाहत.

निकाल काहीही लागो. तू भुवई उडवलीस. ते मला पुरे आहे. (पुरे नाही. पण लिहायला बरे वाटते.)

तुझी वाळवी


२१ मे

मा. नियोजित क्रीडासंचालक यांस,

विषय: विभाग बदलून मिळण्याबाबत.

महोदया, आपली निवड तिन्ही मतांनी झाल्याचे आज कळले. अर्जदार आपली भाची असल्याने आपल्या हाताखाली काम करणे तिला योग्य वाटत नाही. तरी तिला तिकीट व प्रेक्षक विभागात पाठवावे. तिकिटे फाडण्याची तिची जुनी इच्छा आहे.

आत्या! आत्या! आत्या!

आता बाकीचे. तुझी अट इथे सगळ्यांच्या तोंडी आहे: "आधीच्या पाच जणांना सरासरी जेवढे पराभव माफ केलेत, तेवढे मला माफ करा. एक कमी नको, एक जास्त नको. आणि हे करारात लिहा." खजिनदार मोजायला बसले. आकडा पाहून अध्यक्ष म्हणाले, "एवढे आपण हरलो?" खजिनदार म्हणाले, "हरलो आणि वर निरोपसमारंभही केले." मग सही झाली.

मी कोरी सोडलेली तिसऱ्या प्रश्नाची जागा तूच भरलीस. उत्तर तपासून पाहिले. बरोबर आहे.

क्रमांक दोननाही क्लब सोडत नाही. कुटुंब-कक्ष आणि सारे प्रेक्षागृह नव्याने मांडायचे काम त्यांनी घेतले आहे. म्हणजे माझे साहेब तेच. आणि बाबा? तू येणार कळल्यावर तुझी जुनी सायकल माळ्यावरून काढून अंगणात पंक्चर काढत बसले आहेत. चांगले खाली बसून. गुडघ्यांबद्दल अद्याप तक्रार नाही.

तुझी वाळवी


१० ऑगस्ट

आत्या,

एकाच आवारात आणि एकाच छपराखाली राहून पत्र कशाला, असे तू म्हणशील. कार्यालयात मी तुझ्याशी तिकिटांखेरीज काही बोलायचे नाही असा नियम आहे (कोणाचा, ते विचारू नकोस), आणि घरी तू आणि बाबा भांडत असता, तेव्हा मला मधे जागा मिळत नाही. म्हणून हे तुझ्या टपालाच्या टोपलीत टाकते.

काल आपण हरलो. तीन-एक. तू मैदानाच्या कडेला उभी होतीस, म्हणून वर काय झाले ते तुला दिसले नाही. मी कुटुंब-कक्षाच्या नव्या सावलीत होते, तिथून अध्यक्षांची खुर्ची नीट दिसते. तिसरा गोल झाला तेव्हा त्यांच्या शेजारचे पाहुणे वाकून मोठ्याने म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं, बाईमाणसाचं हे काम नव्हे."

ज्याची तुला भीती होती, ते पहिल्याच पराभवात आले असे वाटले.

अध्यक्षांनी वळून त्यांच्याकडे पाहिले. मग मैदानाकडे पाहिले. तिथे तू बाकावरून उठवलेला डावखुरा मुलगा कडेने चेंडू घेऊन सुसाट निघाला होता, आणि दोन उंच डोकी, जन्मात प्रथमच, योग्य वेळी योग्य जागी पोचत होती. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. अध्यक्ष उठून उभे राहिले होते, खाली बसले.

"हा पहिला," ते पाहुण्यांना म्हणाले. "अजून पुष्कळ शिल्लक आहेत. लेखी आहे आमचं." आणि कुटुंब-कक्षातून आलेल्या दाण्यांच्या पुडीत हात घालून ते पुढचा खेळ पाहू लागले.

तुझी वाळवी

ता. क. वाफेच्या खोलीच्या पायऱ्या काढून उतार केला, हे चांगले झाले. दुखापत झालेले खेळाडू आता वेळापत्रक लावून जातात. दारावर तू लावलेली पाटी मात्र शुद्धलेखनासाठी तपासून देण्याचा मान मला द्यायला हवा होतास. तशी चूक एकही नाही. "इथे फक्त घाम गाळावा. निर्णय घेऊ नयेत." अध्यक्ष रोज तिच्यासमोर थांबून ती मोठ्याने वाचतात.